जाहिरातीचं ऑडिशन: अंधेरीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

जाहिरातीचं ऑडिशन ज्यांना पसंत पडायला हवं, ती माणसं त्या खोलीत नसतात. खोलीत असतो कॅमेरा चालवणारा एक मुलगा, समोरच्या पात्राची वाक्यं वाचून क्यू देणारं कुणीतरी आणि आवाज नको म्हणून बंद ठेवलेला पंखा. तुमची मिनिटभराची क्लिप आधी कास्टिंग डायरेक्टर बघतो. त्यातल्या निवडक क्लिप दिग्दर्शकाकडे जातात, तिथून जाहिरात एजन्सीकडे आणि शेवटी ज्यांचा माल विकायचा आहे त्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांकडे. यातले बरेच जण ती मोबाइलवर बघतात, एकामागून एक, मीटिंगमध्ये किंवा गाडीत बसून, कित्येकदा आवाज बंद ठेवून.

मी काही वर्षं त्या कॅमेऱ्यामागे उभं राहून क्यू दिले आहेत. नवीन मुलंमुली खोलीतल्या दोन माणसांवर छाप पाडायला येतात, आणि सगळी तयारी तिथेच चुकीच्या दिशेला जाते. क्लिप सरकवणारा तो अंगठा पहिल्या तीनचार सेकंदांत तुमच्यावर थांबायला हवा. खाली जे सांगतोय ते सगळं त्या अंगठ्यासाठी आहे.

हे मुंबईबद्दल आहे, कारण हिंदीतल्या आणि देशभर चालणाऱ्या जाहिरातींचं कास्टिंग मोठ्या प्रमाणावर अंधेरी पश्चिमेला होतं: वर्सोव्याचं आराम नगर, यारी रोड, सात बंगला, चार बंगला, ओशिवरा, वीरा देसाई रोड. मराठी जाहिरातींचीही बरीच ऑडिशन्स याच गल्ल्यांत होतात.

आधी घरी

महागडा पोर्टफोलिओ करू नका. निदान सुरुवातीला तरी नाही. स्टुडिओत काढलेले, गालाची हाडं वर आणलेले, त्वचा मेणासारखी केलेले फोटो जाहिरातीच्या कास्टिंगमध्ये उलट त्रास देतात. दारात आलेला माणूस फोटोतल्यासारखा दिसला नाही तर त्याला बोलावणाऱ्याचा वेळ फुकट जातो, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव मागे पडतं. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, मित्राच्या मोबाइलवर काढलेले पाचसहा फोटो पुरतात. समोरून एक, हसताना एक, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, डोक्यापासून पायापर्यंत एक. भारतीय आणि पाश्चात्त्य असे दोन पोशाख. फिल्टर अजिबात नको. चष्मा लावत असाल तर चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय. केस कापले, दाढी वाढवली, वजन बदललं की फोटो नवीन.

दुसरी गोष्ट इंट्रो व्हिडिओ. नाव, वय, उंची, सध्या कुठे राहता, कोणत्या भाषा बोलता. मग दोन्ही बाजूंना वळून प्रोफाइल, दोन्ही हात पुढून-मागून, एक मोकळं हसू. अर्ध्या मिनिटाच्या आत. हात कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. जाहिरातीत वस्तू हातातच असते आणि क्लोज-अपमध्ये नखं चेहऱ्याएवढी दिसतात.

वयाबद्दल एक सूचना. खरं वय आणि पडद्यावर दिसणारं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कास्टिंगला दुसरीशी मतलब असतो. तुम्ही छत्तीस वर्षांचे असाल आणि तीसचे दिसत असाल तर ‘अठ्ठावीस ते बत्तीस’ असं सांगणं रीतीला धरून आहे. पण चाळिशीतल्या माणसाने ‘कॉलेज स्टुडंट’च्या टेस्टला, म्हणजे ऑडिशनला, जाऊन उभं राहणं म्हणजे स्वतःचाच दिवस वाया घालवणं. तुम्ही कोण दिसता हे चार परक्या माणसांना विचारा. घरच्यांना विचारून उपयोग नाही. बँकेतला माणूस, शाळेच्या बाई, सोसायटीचा सेक्रेटरी, डिलिव्हरीवाला, नवी सून, तरुण आई: जाहिरात ओळखीच्या माणसांवर चालते, आणि बघणाऱ्याला एका नजरेत ओळख पटावी लागते. देखणेपण हा त्यातला एक छोटासा कप्पा आहे. तोंडावरून ‘हा आपल्या बिल्डिंगमधला आहे’ असं वाटणाऱ्यांना सुंदर दिसणाऱ्यांपेक्षा जास्त काम मिळताना मी पाहिलं आहे.

आणि रोज वीस मिनिटांचा सराव. टीव्हीवरच्या जाहिराती आवाज बंद करून बघा. कुणाचा चेहरा कधी बदलला, वस्तू दिसण्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे बघा. मग मोबाइल स्टँडवर लावून घरातलंच एखादं काम करताना स्वतःला चित्रित करा: डबा उघडणं, मेसेज वाचणं, चहाचा पहिला घोट, हरवलेली किल्ली सापडणं. ती क्लिपही आवाज बंद करून बघा. काय चाललंय ते कळलं का? कळलं, पण खोटं वाटलं का? या दोन प्रश्नांपलीकडे फारसा अभ्यासक्रम नाही.

याच काळात एकदोन कामं खरोखर शिकून घ्या. स्कूटर चालवणं, सायकल, पोहणं, कांदा सफाईने चिरणं, झेल पकडणं, ढोलाच्या तालावर चार पावलं टाकणं. ‘येतं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सेटवर स्कूटर पाडणाऱ्यामुळे पूर्ण युनिट खोळंबतं. लायसन्स नसेल तर तेही आधीच सांगा.

मेसेज आला: तो वाचायचा कसा

ऑडिशनचं निमंत्रण बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, आणि ते जुन्या काळच्या तारेसारखं तुटक असतं. उदाहरणार्थ असं काहीतरी: ‘मेल, ३०–३५, मिडल क्लास हजबंड, नो बियर्ड. टेस्ट आज ११ ते ५, आराम नगर. शूट १८–१९. बजेट ३० इन्क्ल्युसिव्ह. युसेज २ वर्षं, टीव्ही प्लस डिजिटल. नो कॉन्फ्लिक्ट पेंट्स.’

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘नो बियर्ड’ असेल तर दाढी करूनच जा. ‘निवड झाल्यावर काढतो’ हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण क्लिप बघणाऱ्याला तुमची दाढी दिसते, तुमचं आश्वासन दिसत नाही. शूटच्या तारखा मोकळ्या नसतील तर जाऊच नका, आणि तसं कळवा. ‘३० इन्क्ल्युसिव्ह’ म्हणजे तीस हजारांतच कोऑर्डिनेटरचं, म्हणजे तुम्हाला काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं, कमिशन धरलेलं आहे. ते किती टक्के, हे जाण्याआधी विचारायला लाजू नका. समजा वीस टक्के, तर हातात चोवीस हजार, आणि त्यातूनही टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, जाऊ शकतो. ‘युसेज’ म्हणजे तुमचा चेहरा किती काळ आणि कुठे कुठे वापरणार. याकडे पुन्हा येतो. ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडची जाहिरात तुम्ही केलेली असणं. एका रंगाच्या कंपनीची जाहिरात सध्या चालू असेल तर दुसरी रंगाची कंपनी तुम्हाला घेणार नाही. लपवलंत तर शूट झाल्यावर उघड होतं, आणि तोवर भरपाईची भाषा सुरू झालेली असते.

मेसेजच्या शेवटी किंवा फोनवर पैशाची मागणी आली तर तिथेच थांबा. रजिस्ट्रेशन, फॉर्म फी, ‘आर्टिस्ट कार्ड’, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’, सेटवरच्या राहण्याचं परत मिळणारं डिपॉझिट: नावं बदलतात, धंदा तोच. ऑडिशन देण्यासाठी एक रुपयाही द्यायचा नसतो. कास्टिंगवाल्याचे पैसे निर्माता देतो आणि कोऑर्डिनेटरचे तुमच्या मिळालेल्या कामातून सुटतात. सिंटा ही कलाकारांची संघटना १९५८ पासूनची आहे आणि तिचं सदस्यत्व पुढे उपयोगी पडतं, पण ते नसेल तर ऑडिशनला उभं करत नाहीत असं सांगणारा माणूस फसवतो आहे. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड.

पत्ता हॉटेलच्या खोलीचा असेल, वेळ रात्रीची असेल, ‘एकटीच ये’ असं सांगितलं असेल तर जाऊ नका. कामाच्या जागा दिवसा गजबजलेल्या असतात, बाहेर रांग असते, आत कॅमेरा आणि दिवे असतात. पोहण्याचा पोशाख किंवा जवळिकीचा प्रसंग असेल तर तो ब्रीफमध्ये, म्हणजे भूमिकेसाठी काय हवं ते सांगणाऱ्या मजकुरात, आधीच लिहिलेला असतो. ऐन वेळी खोलीत कुणी कपड्यांबद्दल काही सुचवलं तर ‘ब्रीफमध्ये नव्हतं’ एवढं म्हणून बाहेर पडायचं. कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. मुली मैत्रिणीला किंवा भावाला बरोबर घेऊन येतात, बाहेर बसवतात, आणि नीट चालणाऱ्या ऑफिसात कुणी त्याला नाक मुरडत नाही.

पिशवी आणि प्रवास

मुंबईत जुलैमध्ये भिजून आणि मे महिन्यात घामाघूम होऊन पोहोचायचं हे गृहीत धरा. अंधेरी स्टेशनवरून घाटकोपर–वर्सोवा मेट्रो पकडली की सात बंगल्याजवळ वर्सोवा स्टेशनला उतरता येतं, तिथून रिक्षा. पुण्याहून सकाळच्या गाडीने येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वे धरावी. रस्त्याने आलात तर शेवटचे काही किलोमीटरच सगळ्यात जास्त वेळ खातात. ‘११ ते ५’ असेल तर अकराच्या आसपासच पोहोचा. दुपारी जेवणानंतर रांग वाढते आणि क्यू देणाऱ्याचा उत्साह घसरतो, हे मी स्वतःबद्दलच सांगतोय.

कपडे साधे, एका रंगाचे. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरी उठवतात, पांढराशुभ्र रंग चेहऱ्याचा उजेड खातो, मोठा लोगो असलेला टी-शर्ट चालत नाही. पिशवीत एक जादा पर्याय ठेवा: पुरुषांनी फॉर्मल शर्ट आणि साधा टी-शर्ट, बायकांनी कुर्ता, दुपट्टा आणि जमलं तर पटकन नेसता येईल अशी साडी. सेफ्टी पिना, कंगवा, रुमाल, साधी पावडर, पाण्याची बाटली, पॉवर बँक. मेकअप इतकाच की चेहरा तेलकट दिसू नये. ‘तरुण आई’च्या भूमिकेला नवरीचा मेकअप करून येणाऱ्या मुली दर आठवड्याला दिसतात. सकाळी सात वाजता डबा भरणारी बाई गडद लिपस्टिक लावून पोळ्या लाटते हे बघणाऱ्याला पटत नाही.

दारात

आराम नगरमधल्या जुन्या बैठ्या घरांत एकेका खोलीत ऑफिस असतं. बाहेर वही असते किंवा फॉर्म. नाव, नंबर, उंची, कपड्यांचं आणि बुटांचं माप, आधी केलेल्या जाहिराती. फॉर्म नीट भरा. मापं आठवत नसतील तर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कुणीतरी येऊन वरपासून खालपर्यंत बघेल आणि म्हणेल ‘नॉट फिट’. दोन शब्द. पहिल्यांदा ते कानशिलात बसल्यासारखे लागतात. पण ‘फिट’ याचा तिथला अर्थ या ब्रीफमध्ये बसणारा एवढाच आहे. मुलगी गोरी-घारी निवडली गेली असेल तर तिचा बाप सावळा चालत नाही; नायक बुटका असेल तर त्याचा मित्र सहा फूट चालत नाही. वाद घालू नका, ‘एकदा बघा तरी’ म्हणू नका. ‘पुढच्या ब्रीफला कळवा’ म्हणून फोटो पाठवून द्या आणि निघा. तासाभरात शेजारच्या गल्लीत दुसरं ऑडिशन असण्याची शक्यता चांगली असते.

आत जाण्याआधी स्क्रिप्ट किंवा प्रसंग कळतो. रांगेत बसून गप्पा मारण्याऐवजी तेवढ्या वेळात तीन गोष्टी ठरवा: मी कोण, समोर कोण आहे, आणि वस्तू येण्याआधी माझी अडचण काय आहे. बहुतेक जाहिरातींचा सांगाडा अडचण, वस्तू, सुटका असाच असतो. अडचण खरी दिसली तरच सुटका खरी दिसते, आणि नवीन मंडळी नेमकी अडचणीवर घाई करतात, कारण त्यांना शेवटच्या हसण्याकडे पोहोचायचं असतं.

कॅमेऱ्यासमोर

आधी पुन्हा इंट्रो. क्लिपची सुरुवात इथूनच होते, आणि अंगठा इथेच थांबतो किंवा सरकतो. ‘हाय, आय अ‍ॅम’ असं शाळेच्या स्पर्धेतल्यासारखं घडाघडा म्हणू नका. घरी पाहुणा आला की दार उघडून जसं बोलता तसं बोला. तारखा विचारल्या की ‘अठरा-एकोणीस मोकळा आहे’ असं स्पष्ट सांगा.

मग प्रसंग. खोलीत स्वयंपाकघर नसतं, मूल नसतं, गाडी नसते. नसलेल्या वस्तूला वजन द्या. रिकाम्या हातात कप धरला असेल तर बोटं मिटून जातात आणि कप नाहीसा होतो. हे मोबाइलवरसुद्धा दिसतं. मूल आहे असं सांगितलं तर त्याची उंची ठरवा आणि नजर शेवटपर्यंत त्याच उंचीवर ठेवा. क्यू देणारा माणूस सपाट आवाजात वाक्यं वाचेल. त्याच्यावर चिडू नका. तो सकाळपासून तेच वाक्य वाचतोय. त्याच्या सपाटपणातही तुम्ही खरंच ऐकलंत, तर तुमचा चेहरा आपोआप हलतो.

प्रत्यक्ष वस्तू दिली असेल तर नाव कॅमेऱ्याकडे, बोटं नावावर नाहीत, आणि तरीही ती दाखवतोय असं वाटू नये. याचा घरी बिस्किटाच्या पुड्यावर सराव करा. दिसतं तितकं सोपं नाही. खाण्याच्या जाहिरातीत घास लहान घ्या, तोंड मिटून चावा, गिळा, मग हसा किंवा बोला. चव कळायला अर्धा सेकंद लागतो, आणि तो अर्धा सेकंद लोक गाळतात. घास तोंडात जायच्या आधीच डोळे मिटून ‘अहाहा’ करणारा माणूस ढोंगी दिसतो. ऑडिशनला एकच घास असेल. शूटला तोच घास दिवसभर पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो, म्हणून ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे तो आधीच सांगा. अंडं-मांस खात नसाल, धार्मिक कारणाने काही वर्ज्य असेल, दारू-तंबाखूसारख्या वस्तूंशी नाव जोडायचं नसेल, तर तेही इथेच, आत्ताच.

प्रसंग संपला की लगेच गळून पडू नका. ‘कट’ ऐकू येईपर्यंत त्या भावात राहा. शेवटच्या वाक्यानंतरचे दोन सेकंद फार मोलाचे असतात, आणि बहुतेक जण नेमके तिथेच कॅमेऱ्याकडे बघून ‘झालं?’ असा चेहरा करतात. मध्ये वाक्य अडखळलं तरी स्वतःहून थांबू नका. अडखळून सावरताना कधी कधी इतका खरा क्षण सापडतो की दिग्दर्शक तोच टेक मागतो.

नाटकातून येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया, राज्य नाट्य स्पर्धा यांतून आलेली मंडळी ऐकण्यात आणि वेळ साधण्यात पुढे असतात, आणि हे कास्टिंगवाल्यांना ठाऊक असतं. अडचण आकाराची असते. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय असलेला आवाज आणि भुवया पाच फुटांवरच्या कॅमेऱ्याला अंगावर आल्यासारख्या वाटतात. विचार तोच ठेवा, हालचाल चतुर्थांश करा. भुवया तर एक आठवडा घरी टेपने बांधून ठेवाव्यात असं मला वाटतं; गमतीने म्हणतोय, पण फार गमतीने नाही.

पहिल्या टेकनंतर सूचना येईल. ‘थ्रो (आवाजाची फेक) कमी कर’, ‘एनर्जी वर घे’, ‘अजून कॅज्युअल’. काही वेळा पहिला टेक उत्तम असतानाही सूचना येते, कारण तुम्ही ऐकून बदलू शकता का हे बघायचं असतं. शूटच्या दिवशी वेळ मोजून असतो; जो एका सूचनेत बदलतो तो हवा असतो. म्हणून ‘मला वाटलं की ही बाई जरा दुःखी आहे’ असं समर्थन नको. बदलून दाखवा. बदल दिसेल इतका करा. ‘अजून एक देऊ का, वेगळं?’ असं एकदा विचारणं चालतं. दोनदा विचारलंत की तुम्ही रांग अडवताय.

हिंदीचं काय करायचं

आपल्याकडच्या मुलामुलींना हिंदी येते असा समज असतो, आणि कॅमेरा सुरू झाल्यावर तो डळमळतो. ‘है’ आणि ‘और’ हे आपण मराठीच्या सवयीने ‘हय’ आणि ‘अउर’ असे म्हणतो. ‘चमचा’मधला च ‘चम्मच’मध्ये घेऊन जातो. चहा आपल्याकडे पुल्लिंगी, हिंदीत ‘चाय अच्छी’. वास पुल्लिंगी, पण ‘खुशबू’ स्त्रीलिंगी. बिस्किट नपुंसक, आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही. लिहिलेलं वाक्य बरोबर असतं, घोळ होतो तो स्वतःच्या शब्दांत बोला असं सांगितल्यावर, आणि जाहिरातीत ते फार वेळा सांगतात. उपाय कंटाळवाणा आहे: रोज दहा मिनिटं हिंदी मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, आणि लखनऊ किंवा इंदूरच्या एखाद्या मित्राला ऐकवा.

मराठी ढब मागणारे ब्रीफही येतात, आणि त्यात घरकामाच्या मावशी आणि हवालदार यांची संख्या जरा जास्तच असते. ती भूमिका घ्यायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. घेतलीत तर ‘काय को’ छापाची कुणी न बोलणारी भाषा करू नका; तुमच्या ओळखीची खरी मावशी कशी हिंदी बोलते ते आठवा. मराठीत डब होणाऱ्या जाहिरातींची वाक्यं मात्र पुष्कळदा हिंदीवरून ओढून आणलेली असतात. ती जिभेवर बसत नसतील तर ‘असं म्हटलं तर चालेल का?’ असं विचारून दुसरं वाक्य सुचवा. बरेचदा चालतं, आणि तुम्ही लक्षात राहता.

घरून पाठवायची टेस्ट

हल्ली पहिली फेरी पुष्कळ वेळा सेल्फ टेस्टची असते, त्यामुळे नाशिक, कोल्हापूर किंवा मडगावला बसूनही भाग घेता येतो. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, आडवा की उभा हे ब्रीफमध्ये असेल तसं. उजेड समोरून, पाठीमागे खिडकी नको. भिंत मोकळी, कॅलेंडर, कपाट आणि वाळत घातलेले कपडे चौकटीबाहेर. पंखा बंद, कुकर बंद. समोरची वाक्यं वाचायला कुणीतरी हवं, आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू हवा. फाइलला तुमचं नाव, वय, उंची आणि भूमिका अशी नावं द्या; नुसते आकडे असलेली फाइल ढिगात हरवते. दोन टेक पाठवा, नऊ नाही. सांगितलेल्या वेळेच्या आत पाठवा, कारण रात्री आठ म्हणजे आठला लिंक पुढे गेलेली असते.

नंतर: शॉर्टलिस्ट, होल्ड, लॉक

ऑडिशन दिल्यावर ‘काय झालं?’ असा मेसेज करू नका. निवड झाली तर फोन येतोच. शॉर्टलिस्ट म्हणजे दिग्दर्शकाला तुम्ही पर्याय वाटताय. होल्ड म्हणजे तारखा राखून ठेवा, पण काम अजून तुमचं नाही. लॉक म्हणजे काम तुमचं, आणि तेही लेखी आल्यावरच. होल्डवर असताना दुसऱ्याने त्याच तारखा मागितल्या तर आधीच्या माणसाला फोन करून ‘लॉक करताय का?’ असं विचारायचं, मग ठरवायचं. न सांगता दोन्हीकडे हो म्हटलेलं आठवड्यात सगळीकडे कळतं. ही वस्ती तशी छोटी आहे. आणि होल्ड ते शूट या काळात केस, दाढी, भुवया यांना हात लावू नका.

होल्ड असतानाच पैशांचं आणि युसेजचं बोलून घ्या, कारण लॉक झाल्यावर तुमच्या म्हणण्याला वजन उरत नाही. किती दिवसांचं शूट, किती तासांची शिफ्ट, कॉश्च्युम ट्रायलचा दिवस धरलाय का. टीव्ही, डिजिटल, छापील, होर्डिंग यांतलं काय काय. भारतातच की परदेशातही. किती वर्षं, आणि मुदत वाढवली तर किती रक्कम. ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘बायआउट’ हा शब्द दिसला तर दोनदा विचार करा: एका दिवसाच्या पैशात त्या प्रकारच्या इतर सगळ्या ब्रँडचे दरवाजे अनिश्चित काळ बंद होऊ शकतात. हल्ली करारात चेहरा आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने वापरण्याचं कलमही असतं. ते वाचा, आणि मान्य नसेल तर खोडायला सांगा.

लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांनी आणखी विचारायचं. मुलाच्या शूटसाठी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मिळकतीतले निदान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाची तयारी नसेल तर त्याच्याकडून काम करून घेता येत नाही, हेही नियमातच आहे. रांगेत रडणाऱ्या पोराला चॉकलेटची लालूच दाखवणाऱ्या आया बघितल्या की मला क्यू द्यावासा वाटत नाही.

पैसे शूटच्या दिवशी मिळत नाहीत. दोनतीन महिने लागणं इथे नेहमीचं समजलं जातं, म्हणून घरभाडं जाहिरातीवर लावू नका. पॅन कार्ड, रद्द केलेला चेक आणि बिलाचा साधा नमुना तयार ठेवा. बिल द्यायला तुम्ही उशीर केला तर मोजणी तिथून पुढे सुरू होते. टीडीएस साधारण १० टक्के कापला जातो; पॅन दिलं नाही तर २०. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, आणि नवीन कलाकार ते भरतच नाहीत.

एक वही करा, किंवा मोबाइलमध्ये तक्ता. ब्रँड, वस्तूचा प्रकार, शूटची तारीख, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, युसेज कधी संपतो, ठरलेली रक्कम, बिल कधी दिलं, पैसे कधी आले. पुढच्या ऑडिशनच्या फॉर्मवर कॉन्फ्लिक्टचा रकाना याच वहीतून भरता येतो. युसेज संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. त्यानंतरही जाहिरात चालू दिसली तर चॅनेल किंवा अ‍ॅप, दिवस, वेळ लिहून ठेवा, स्क्रीनचा व्हिडिओ काढा, आणि कोऑर्डिनेटरला तो पाठवून मुदतवाढीचं बिल कुणाच्या नावे करायचं ते विचारा.